एम्पथी ७१ टक्के

गेल्या मंगळवारी माझ्या एका कॉलला एम्पथीचे ७१ टक्के मिळाले. पासिंग ८५ ला आहे. शाळेत कधी नापास झाले नव्हते, सदतिसाव्या वर्षी सहानुभूतीत झाले.

आधी थोडं सांगते म्हणजे कळेल. मी पुण्यात खराडीला एका कॉल सेंटरमध्ये आहे, मराठी-हिंदी प्रोसेस, हेल्थ इन्शुरन्सच्या क्लेमचे फोन. ११ वर्षं झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, होम लोन अजून बरंच बाकी आहे. आमच्याकडे फोन करणारा माणूस खुशीत कधीच नसतो. हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरसमोर उभा, एका हातात फाइल एका हातात फोन, मागनं कोणीतरी ओरडतंय "काय म्हणतीय ती, स्पीकरवर टाक की", असे फोन. २०२४ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम केला की कॅशलेसची पहिली मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जच्या वेळची फायनल मंजुरी ३ तासात द्यायची, तो ३ तासांचा आकडा आता लोकांना पाठ झालाय, त्याच्यावर १० मिनिटं झाली की फोन. आणि बरोबरच आहे त्यांचं, घरी न्यायला गाडी खाली थांबलेली असते, पेशंट कपडे बदलून बेडवर बसलेला असतो.

तर तो मंगळवारचा कॉल. सोलापूरकडचे एक काका, फायनल अप्रूव्हल का अडकलंय विचारत होते. मी बघितलं, हॉस्पिटलने एक कागद पाठवला नव्हता. म्हणलं काका, डिस्चार्ज समरी आली नाहीये, ती मिळाली की लगेच होईल. ते म्हणाले, "डिस्चार्जच म्हणायचं का ओ ह्याला? ती सकाळी गेली."

आणि मग ते काही बोललेच नाहीत. फोन चालू होता, मागे टोकन नंबर पुकारत होते, कुणाचं तरी पोरगं रडत होतं. मी पण काही बोलले नाही. एकदाच म्हणलं, "आहे मी काका, थांबलीय." साधारण अडीच मिनिटं गेली असतील. मग त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाले, सांगा, कुठला कागद. मी सांगितलं, डेथ समरी म्हणून मागा, कोणाकडे मागायची, कोणत्या मेलवर टाकायला लावायची, सगळं. अर्ध्या तासात काम झालं. मी स्वतः बघितलं पुढे काय झालं ते, जे आमचं काम नाही खरं तर.

रिपोर्टमध्ये काय आलं? डेड एअर (म्हणजे कोणीच न बोललेला वेळ) १४८ सेकंद. एम्पथी स्टेटमेंट: नाही. संबोधन: 'काका', स्क्रिप्टबाह्य. एकूण एम्पथी ७१.

हे मार्क एआय देतं. पूर्वी माणूस द्यायचा. क्यूएमध्ये, म्हणजे कॉलची क्वालिटी तपासणाऱ्या टीममध्ये, एक मॅडम होत्या, महिन्याला प्रत्येकाचे चार-पाच कॉल ऐकायच्या आणि मग शेजारी खुर्ची ओढून बसायच्या, "इथं तू चिडली होतीस ना, श्वासावरनं कळलं मला." भयंकर खडूस होत्या आणि आम्ही त्यांना यथेच्छ शिव्या घालायचो, पण शिव्या घालायला कोणीतरी होतं. त्यांच्याशी भांडता यायचं. एकदा मी भांडून ४ मार्क वाढवून घेतले होते आणि वर त्यांनीच मला चहा पाजला होता. आता १०० टक्के कॉल ऐकले जातात, एकही सुटत नाही, आणि ऐकतं कोणीच नाही असं मला वाटतं. कॉल चालू असतानाच स्क्रीनच्या उजव्या बाजूला एक पट्टी असते, त्यात कस्टमरच्या मूडची एक रेघ, माझ्या आवाजाची एक रेघ, आणि मधेमधे पॉपअप येतात. 'सावकाश बोला'. 'एम्पथी स्टेटमेंट वापरा'. ८ सेकंद शांतता झाली की पट्टी पिवळी होते. पंधराव्या सेकंदाला लाल.

आणि ते एम्पथी स्टेटमेंट म्हणजे काय तर "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे, मी आपली भावना समजू शकते." कोणीतरी इंग्रजीतनं उचलून मराठीत आदळलेलं. बायको गेलेल्या माणसाला 'गैरसोय' म्हणायचं. माझ्या तोंडून नाही निघत ओ. शेजारच्या रांगेतला एक जण मात्र हुशार आहे, तो हे वाक्य पहिल्या १० सेकंदांतच म्हणून मोकळा होतो, कस्टमरने अजून तोंड उघडलेलं नसतं आणि ह्याने भावना समजून घेतलेली असते. परत तेच मधे एकदा आणि शेवटी एकदा. त्याचा स्कोअर ९६. त्याला मी विचारलं, लाज नाही वाटत का, तर म्हणाला ताई, इन्सेंटिव्ह येतो ना, तेव्हा नाही वाटत.

आता मराठीची गंमत सांगते. हे मशीन माणसाचा राग ओळखतं म्हणे. कोल्हापूरचा माणूस फोनवर आला की रेघ सरळ लाल. "काय ओ म्याडम, किती येळ लावतायसा" असा आवाज आभाळाला. पॉपअप: कस्टमर अँग्री, शांत करा. अरे तो रागावलेला नाहीये, तो कोल्हापूरचा आहे. हाच माणूस शेवटी म्हणतो, कधी इकडं आलासा तर घरला जेवायला या, तांबडा-पांढरा करूया, तरी रेघ लालच. अमरावतीकडचं कोणी "काहून नाही होऊन राह्यलं" म्हणलं की खाली जो मजकूर टाइप होतो तो वाचून हसावं की रडावं कळत नाही. मालवणकडच्या एका आजीने क्लेम पास झाला म्हणून आनंदाने मला अशी एक शिवी हासडली की माझा दिवस चांगला गेला, सिस्टिमने तो कॉल 'अब्युजिव्ह' मध्ये टाकला आणि मला ऑटोमॅटिक मेसेज, तुम्हाला ५ मिनिटांचा ब्रेक हवा आहे का. (घेतला मी. का सोडू.)

ह्याच्या उलट पुण्यातले एक आजोबा, सदाशिव पेठेतले असणार, नसले तरी असणार. क्लेममधून रूम रेंटच्या मर्यादेमुळे बरीच रक्कम कापली होती. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. असू दे. धन्यवाद हं." आवाज एकदम थंड. पट्टीवर हिरवा स्माइली. मला तेव्हाच घाम फुटला होता, मराठी माणूस 'असू दे' म्हणाला की काही म्हणजे काही असू द्यायचं नसतं त्याला. दोन दिवसांनी विमा लोकपालाकडे तक्रार, तीन पानी, मुद्द्यांना क्रमांक घालून.

हसण्यावारी नेतेय मी पण ह्याच्यात एक गोष्ट आहे जी हसण्यासारखी नाही. सारखं कोणीतरी चूक सांगत राहिलं ना की आधी तुम्ही त्याला हसता, मग चिडता, आणि मग एक दिवस तुम्हालाच वाटायला लागतं की खरंच का, हा माणूस चिडलाय का, मी रुक्ष बोलले का. ११ वर्षांत जो कान तयार झाला, त्या कानावरचा माझा विश्वास उडायला लागला. फोन चालू असताना मी माणसाचं ऐकत नाही, पट्टी बघते. हे मला सगळ्यात जास्त लागलं, आणि हे कुठल्या रिपोर्टमध्ये नाही येत.

दुसरं म्हणजे सोपे कॉल संपले. हे बाहेरच्यांना नाही कळत. पूर्वी दिवसाचे पन्नास-साठ फोन यायचे, त्यातले निम्मे "कार्ड कसं डाउनलोड करू", "माझ्या गावात कुठलं हॉस्पिटल आहे" असले. आपण म्हणायचो काय डोकं खातात. ते सगळे आता चॅटबॉट घेतो. छान करतो, तक्रार नाही. पण ते फोन म्हणजे आमची विश्रांती होती हे ते गेल्यावर समजलं. आयसीयूचा एक फोन, मग कार्डाचा एक, मग जन्मतारीख चुकलीय असा एक, असं करत माणूस सावरायचा. आता एक मृत्यू, एक रिजेक्शन, एक ॲक्सिडेंट, परत रिजेक्शन, सलग. आणि तो माणूस आमच्यापर्यंत येतो तोच आधी बॉटशी वीस मिनिटं झगडून. कॉलची संख्या कमी झाली म्हणून वर मॅनेजमेंट म्हणतं तुमचा लोड हलका झालाय. गोणीतला भुसा काढून घेतला आणि खडे ठेवले, आणि म्हणतायत बघा किती लहान झाली गोणी.

असले प्रकार नवीन आहेत असंही नाही म्हणा. अमेरिकेत आर्ली हॉकशिल्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच लिहून ठेवलंय की पगारासाठी भावना दाखवणं किंवा दाबणं हेसुद्धा श्रमच आहेत, इमोशनल लेबर. त्यांनी एअर होस्टेसचा अभ्यास केला होता आणि वसुलीवाल्यांचा पण, एकाने गोड राहायचं, एकाने कडू, दोघांचा पगार त्याच्यावरच. मला हे वाचून बरं वाटलं होतं. म्हणजे घरी जाऊन मी गप्प बसते ते आळशीपणा नाही, थकवा आहे. फक्त त्या काळात एअर होस्टेसच्या हसण्याला सेकंदाला मार्क देणारं यंत्र नव्हतं.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं लिहायला बसले ती. आमच्या टीमला चार महिन्यांपूर्वी एक पोरगी जॉइन झाली, जालन्याची, बावीस वर्षांची, पहिलीच नोकरी. पहिल्या आठवड्यात वॉशरूममध्ये रडत होती. मी पण रडले होते माझ्या वेळेला, सगळेच रडतात. पण ही दुसऱ्या महिन्यात एकदम तयार झाली. मी थक्क. मला सहा-आठ महिने लागले होते. ती म्हणाली ताई, मला सजेशन येतात ना, काय बोलायचं ते, मी ते बोलते. एकदा मी तिच्या शेजारी बसून तिचा कॉल ऐकत होते, समोर एक बाई घाबरून भडाभडा बोलत होती, आणि हिच्या स्क्रीनवर सजेशन आलं, "ताई, आधी पाणी प्या. मी फोन धरून ठेवते, कुठं जात नाही."

हे माझं वाक्य आहे.

माझं म्हणजे माझंच. आमची आई म्हणायची, आधी पाणी पी मग सांग. ते मी फोनवर म्हणायला लागले कारण पाणी पिताना माणसाला बोलता येत नाही आणि तेवढ्यात त्याचा श्वास जागेवर येतो. वर्षानुवर्षं म्हणत आलेय. आमचे जुने रेकॉर्डिंग त्या सिस्टिमला शिकवायला दिले होते हे माहीत होतं, मेल आला होता तसा, 'आपल्या अनुभवाचा ठेवा' वगैरे. पण आपली आई अशी दुसऱ्याच्या स्क्रीनवर टाइप होऊन आलेली बघायची सवय नसते ना माणसाला.

नंतर मी शोधलं तर ह्याच्यावर अभ्यासच झालेला आहे. स्टॅनफर्ड-एमआयटीच्या लोकांनी, ब्रिन्योल्फसन आणि दोघी सहकारी, २०२३ मध्ये ५ हजारांवर कस्टमर सपोर्ट एजंटचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातले बरेच फिलिपिन्सचे. एआयची मदत मिळाल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या, नवख्यांच्या ३४ टक्क्यांनी, आणि मुरलेल्यांना जवळजवळ काहीच फायदा नाही. कारण त्यांच्या मते हेच की चांगल्या एजंटची हातोटी मशीन उचलतं आणि नव्यांना देतं. वर नव्यांनी नोकरी सोडण्याचं प्रमाण कमी झालं आणि कस्टमरही जरा बरे वागायला लागले. म्हणजे जालनावाली तयार झाली ते खरंच आहे, तिचं रडणं कमी झालं हेही खरं, आणि मी त्याबद्दल खोटं का बोलू, मला आनंद आहे. फक्त माझ्या हातोटीचं काय झालं असं कोणी विचारलं तर तिचं इन्क्रिमेंट नाही झालं, माझं पण नाही. आणि गंमत अशी की ते 'पाणी प्या' तिने म्हणलं तर तिला सजेशन वापरल्याचे मार्क मिळतात. मी म्हणते तेव्हा माझ्या स्क्रीनवर ते सजेशन आलेलं नसतं, मग मी स्क्रिप्टबाह्य.

बातम्यांचं तर विचारूच नका. २०२३ मध्ये बेंगळुरूच्या दुकान नावाच्या स्टार्टअपच्या मालकाने सपोर्टची ९० टक्के माणसं काढून चॅटबॉट बसवला आणि वर तसं ट्विट केलं. २०२४ मध्ये स्वीडनची क्लार्ना ही पेमेंट कंपनी म्हणाली आमचा एआय असिस्टंट ७०० एजंटचं काम करतो. २०२५ मध्ये त्याच क्लार्नाने परत माणसं घ्यायला सुरुवात केली, क्वालिटी घसरली म्हणून. आमच्या ग्रुपवर पहिल्या दोन बातम्या प्रत्येकी पाच-सहा वेळा फॉरवर्ड झाल्या. तिसरी मी टाकली, दोन अंगठे आले.

युरोपात एक कायदा झालाय, २ फेब्रुवारी २०२५ पासून तिथे नोकरीच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या आवाजावरून, चेहऱ्यावरून त्यांच्या भावना ओळखणारं एआय वापरायला बंदी आहे, औषधोपचार किंवा सुरक्षेचं कारण सोडून. कस्टमरच्या आवाजातला राग मोजला तर चालतो, एजंटचा नाही. मी हे आमच्या टीएलला, म्हणजे टीम लीडरला, दाखवलं. तो २९ वर्षांचा, चांगला मुलगा आहे, त्याच्या डॅशबोर्डवर आमची २२ नावं आणि प्रत्येकापुढे एक रंगीत गोल, आणि त्याच्या स्वतःच्या नावापुढे पण एक गोल असतो जो त्याचा मॅनेजर बघतो. त्याने वाचलं आणि म्हणाला, "ताई, मग युरोपचे कॉल घ्या की." दोघं हसलो. मग हळूच म्हणाला की त्याने माझा सोलापूरचा कॉल पूर्ण ऐकला, दोनदा. "चांगला होता. पण मला स्कोअरला हात लावता येत नाही, तुम्ही डिस्प्यूट टाका."

टाकला.

मधल्या रविवारी गावाकडे बाबांना फोन लावला होता. आई गेल्यापासून बाबा फोनवर फारसं बोलत नाहीत, आमचे फोन असेच असतात, दोन वाक्यं, मग गप्प, मग पावसाचं काहीतरी, मग गप्प. मला ते आवडायचं खरं तर. तर ते गप्प झाले, आणि माझ्या डोक्यात आकडे सुरू झाले. पाच, सहा, सात, आणि आठ झाले की तोंडातनं आपोआप निघालं, "बाबा, तुम्ही लाइनवर आहात ना?"

लाइनवर. बाबांना.

ते म्हणाले, "हाय की. कुठं जातोय. जरा गप बस ना."

मग मी गप बसले, पण मोजणं काही थांबलं नाही. एकतीसला त्यांनी विचारलं जेवलीस का.

डिस्प्यूटचं उत्तर काल आलं. पाठवणाऱ्याच्या जागी नाव नाही, नुसतं 'क्वालिटी टीम', पण मेल आल्याची वेळ बघितली तर ती रात्री ३ वाजून १२ मिनिटं, त्या वेळेला क्वालिटी टीममध्ये कोणी नसतं, त्यांची जनरल शिफ्ट आहे. लिहिलंय: आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आम्ही आपली भावना समजू शकतो, पुनर्तपासणीनंतर आपला स्कोअर ७१ वरून ७३ करण्यात आला आहे.

२ कशाचे वाढवले ते लिहिलेलं नाही. कॅब आली खाली, निघते.